फ्लॅटवाउंड की राउंडवाउंड? आधी ताण बघा, मग नाव

प्रश्न: माझ्याकडे फेंडर प्रिसिजन धाटणीचा, चार तारांचा, 34 इंची स्केलचा (म्हणजे तारेची वाजती लांबी 34 इंच) बेस गिटार आहे. त्यावर मी निकेलच्या राउंडवाउंड तारा लावतो, 45 ते 105 (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). आमचा बँड जुनं सोल आणि रॉक वाजवतो, दोन गाण्यांत थोडं स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून आणि बोटाने खेचून वाजवणं) येतं. रेकॉर्डिंग ऐकायला बसलं की बोटं सरकल्याची चर्रचर्र आधी कानात शिरते, आणि नव्या तारांची चमक दीड-दोन महिन्यांत उतरते. एक जण म्हणतो, फ्लॅटवाउंड लाव, कटकट मिटेल. दुसरा म्हणतो, फ्लॅटने बेस मरतो आणि ताणाने नेक वाकेल. पुढेमागे फ्रेटलेस, म्हणजे नेकवर फ्रेटच्या आडव्या धातूच्या पट्ट्या नसलेला बेस, घ्यायचाही विचार आहे. काय करू?

उत्तर: फ्लॅटवाउंड लावा. मात्र जाडजूड, करकचून ताण देणारा संच उचलू नका. 45 ते 100 च्या आसपासचा, मध्यम ताणाचा संच घ्या आणि निदान तीन आठवडे त्यावर मत बनवू नका. तुमचे दोन्ही मित्र अर्धं अर्धं खरं सांगताहेत. गोंधळ होतो तो ‘फ्लॅट’ म्हणजे एकच कुठली तरी वस्तू असं धरून चालल्यामुळे.

दोन्ही तारांना आत पोलादी गाभा असतो आणि फरक असतो तो वरच्या वेटोळ्यांत. राउंडवाउंडमध्ये गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक बारीक खाचा राहतात. त्या खाचांवरून बोट सरकलं की चर्र आवाज होतो, आणि घाम, तेल, त्वचेचा मळ त्यांच्यातच साचतो. मळाने वेटोळी एकमेकांना चिकटल्यासारखी होतात, वरचे हार्मोनिक (मूळ स्वराबरोबर वाजणारे वरचे उपस्वर) दबतात आणि तार ‘मेली’ असं आपण म्हणतो. फ्लॅटवाउंडमध्ये सगळ्यात बाहेरचा थर चपट्या पट्टीचा असतो. पट्टीच्या कडा एकमेकींना भिडतात, हात घसरतो, मळ बसायला जागा उरत नाही. चर्रचर्र थांबणार हे पहिल्या मित्राचं म्हणणं म्हणूनच बरोबर आहे.

आता दुसऱ्या मित्राचं. पट्टीच्या वेटोळ्यांत पोकळी कमी, म्हणजे तितक्याच जाडीत धातू जास्त. तार जड झाली की त्याच सुरात आणायला ताणही जास्त लागतो. म्हणून 45–105 राउंड काढून 45–105 फ्लॅट लावला की बहुधा तार हाताला ताठर लागते, नेकवरचा ओढाही वाढतो. पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. थोमास्टिक-इन्फेल्डच्या जॅझ फ्लॅटचा 34 इंची संच 43, 56, 70, 100 असा येतो आणि कित्येक राउंड संचांपेक्षा मऊ लागतो. दुसऱ्या टोकाला ला बेलाचा, सोलचा बेसवादक जेम्स जेमरसन याच्या नावाचा 52, 73, 95, 110 असा संच आहे, ज्याला बोटांत जोर लागतो. दोन्ही फ्लॅटच. त्यामुळे पाकिटावरचा जाडीचा आकडा बघून थांबू नका. बरेच उत्पादक प्रत्येक तारेचा ताण किलोत किंवा पाउंडात छापतात. तुमच्या आत्ताच्या संचाचे आकडे त्यांच्याशेजारी मांडा. 45–105 च्या नेहमीच्या राउंड संचाची बेरीज साधारण 75 ते 85 किलोच्या घरात जाते. नवा संच त्याच्या आगेमागे असेल तर हाताला आणि नेकला फारसं जड जाणार नाही.

नेक वाकेल का? हो, थोडा वाकेल, पण प्रत्येक तारांच्या संचाखाली तो थोडा वाकतोच. ट्रस रॉड, म्हणजे नेकमधली घट्ट-सैल करता येणारी सळई, असते ती त्यासाठीच. ज्या बेसचा ट्रस रॉड आधीच पूर्ण घट्ट होऊन टेकला आहे त्यावर जड संच चढवणं तेवढं टाळावं. गंमत म्हणजे हलक्या ताणाच्या फ्लॅटने उलटाच त्रास होतो. ओढा कमी झाल्यामुळे नेक सरळ होतो, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खडखड सुरू होते. लोक तारांना दोष देतात, पण ट्रस रॉड किंचित सैल केला की खडखड जाते.

आवाजाचं म्हणाल तर फ्लॅटमध्ये मूळ स्वर पुढे येतो, वरची झळाळी कमी होते आणि आस (स्वर लांबत राहणं) लवकर सरते. स्वर ‘धप्’ असा पडतो, घुमतो आणि वाट मोकळी करतो. किक ड्रमला लागून चालणाऱ्या सोलच्या बेसलाइनला नेमकं हेच लागतं. 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आला तेव्हा त्यावर फ्लॅटच असत. राउंडवाउंडचा जो खणखणीत, पियानोसारखा आवाज आज आपण नेहमीचा धरतो तो पुढच्या दशकात आला. 1966 च्या सुमारास ‘द हू’ बँडचा बेसवादक जॉन एंटविसल तारा बनवणाऱ्या रोटोसाउंड कंपनीबरोबर बसून हव्या तशा तारा करून घेत होता. तुमच्या यादीतलं बरंचसं सोल मुळात फ्लॅटवर वाजलेलं आहे. जेमरसन, डक डन, आणि पिकने वाजवणारी कॅरोल के या त्या काळच्या बेसवादकांच्या, तिघांच्याही बेसवर फ्लॅट होत्या.

आणि ‘फ्लॅट म्हणजे मेलेला आवाज’ हे ज्याला वाटतं त्याने हेवी मेटल बँड आयर्न मेडनचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस ऐकावा. तो दणदणीत खडखडाट 50–110 च्या रोटोसाउंड फ्लॅटचा आहे. तारा नव्या, बोटांचा मारा सणसणीत, अ‍ॅक्शन (तार आणि फ्रेट यांतलं अंतर) खाली. जेमरसनच्या तारा जुन्यापुराण्या, हॅरिसच्या ताज्या, आणि दोन्ही फ्लॅट. तारेचं वय आणि बोटं आवाजात केवढा फरक करतात हे या जोडीवरून कळतं.

विकत घेण्याआधी एक फुकटातली चाचणी करा. स्पंजची दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी कापा आणि ब्रिजजवळ (बॉडीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिथे) तारांखाली अशी सरकवा की ती तारांना फक्त टेकेल, वर उचलणार नाही. बेसवरचा टोन नॉब तिसऱ्या हिश्शावर आणा. जुन्या तारा असतील तर उत्तमच. आता बँडबरोबर एक अख्खा सराव करा. ड्रमर आणि गायक म्हणाले की जागा मोकळी झाल्यासारखी वाटते, तर फ्लॅट तुमच्या कामाच्या. ते ‘बेस कुठे गेला?’ म्हणाले, तर थांबा. हा आवाज हुबेहूब फ्लॅटचा नसतो, हे लक्षात असू द्या. टोन नॉब वरच्या लहरी कापतो, पण स्वराच्या सुरुवातीचा टणत्कार आणि त्याचा उतार तो बदलू शकत नाही. दिशा मात्र बरोबर कळते. चाचणी बँडबरोबरच करायची. खोलीत एकट्याने वाजवताना फ्लॅट नेहमी बुजऱ्या वाटतात.

समजा ठरलं. आता लांबी मोजा, कारण फ्लॅट लावताना सगळ्यात जास्त चूक इथे होते. फ्लॅटच्या टोकाकडे रेशमी दोरा गुंडाळलेला असतो. हा दोरा नटच्या (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) पलीकडे, नट आणि खुंटी यांच्यामध्ये सुरू व्हायला हवा. तो नटवर आला तर मोकळी तार बोथट वाजते, आणि वाजवणारा महिनोन्‌महिने पिकअपवर (तारांचा कंप पकडणाऱ्या चुंबकी भागावर) संशय घेत बसतो. ब्रिजवर तारेचा गोळा जिथे अडकतो तिथून नटपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि उत्पादकाने दिलेल्या वाजत्या लांबीशी ताडून बघा. 34 इंची बेसला ‘लाँग स्केल’ संच लागतो. पण तारा ब्रिजमधून थेट बॉडीच्या मागून ओवायची सोय असेल तर अंतर वाढतं, आणि तोच संच आखूड पडू शकतो. तसं पाहता फ्लॅट बॉडीतून ओवूच नयेत. सॅडलवरून (ब्रिजवरचा तारेचा टेकू) खाली उतरताना होणाऱ्या तीव्र वळणात पट्टीची वेटोळी उघडतात किंवा गाभा तुटतो, आणि काही उत्पादक तशी स्पष्ट सूचनाही देतात. ब्रिजच्या मागच्या कडेतून ओवायची सोय असेल तर तीच वापरा.

तारा एकेक करून बदला. नवी तार ब्रिजमधून ओढून सरळ धरा, तिच्या खुंटीच्या पुढे 10 ते 12 सेंटिमीटर सोडा आणि तिथे पक्कडीने काटकोनात वाकवा. कापायचं ते वाकवून झाल्यावर, वळणाच्या पुढे. आधी कापलं तर वेटोळी गाभ्यावरून सुटून फिरू शकतात आणि तार कायमची बेसूर होते. गाभा गोल असेल तर हा धोका अधिक. टोक खुंटीच्या मधल्या भोकात घाला आणि वेढे वरून खाली उतरू द्या. दोन ते तीन वेढे पुरे. खुंटीवर यायला हवा तो दोरा गुंडाळलेला भाग. पूर्ण जाडीची पट्टी बारीक खुंटीवर वळवली की तिला तडे जातात.

सुरात आणल्यावर तार सॅडलच्या पुढे आणि नटच्या पुढे अंगठ्याने अलगद खाली दाबा. ताठर तार तिथे कमानीसारखी वर उचललेली राहते, आणि त्या कमानीमुळे सूर डळमळतो. राउंडला हे हवंच असं नाही, फ्लॅटला मात्र न चुकता करा. ताण बसावा म्हणून राउंड तारा जोरजोरात खेचतात तशा फ्लॅट खेचू नका. सुरात आणा, एक रात्र राहू द्या, पुन्हा सुरात आणा.

खुंटी फिरवताना ‘टिक्’ आवाज येऊन सूर अचानक उडी मारतो का, ते बघा. तसं होत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. 110 ची तार 105 च्या खाचेत हमखास अडकते. खाच बारीक कानसाने रुंद करता येते, पण तळ एक केसभरही खाली जाऊ देऊ नका, नाहीतर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खडखडेल. शिवाय खाच रुंद केल्यावर बारीक तारांकडे परतायचं म्हटलं तर त्या तिथे हलतील. मध्यम संच निवडा म्हणण्यामागचं हे आणखी एक कारण.

मग सेटअप. जाडी सारखी असली तरी तो टाळू नका. खालची ई तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. 0.25 ते 0.35 मिलिमीटर ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट करा, कमी असेल तर सैल. एका वेळी पाव फेरीहून अधिक नाही. दर वेळी तारा पुन्हा सुरात आणा आणि लाकडाला स्थिरावायला वेळ द्या. घट्ट करताना ट्रस रॉडचा नट दाद देत नसेल तर जोर लावू नका, वाद्य कारागिराकडे न्या. त्यानंतर 17 व्या फ्रेटवर अ‍ॅक्शन मोजा. ई तारेखाली सुमारे 2.4 आणि जी तारेखाली सुमारे 2 मिलिमीटर ही चांगली सुरुवात. ताठ तार वाजताना कमी पसरते, त्यामुळे बोटं हलकी असतील तर यापेक्षाही थोडं खाली जाता येतं.

सरतेशेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का ते. 12 व्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरलेला असेल तर पुढे आणा. हा क्रम उलटा करू नका. इंटोनेशन आधी लावलं आणि मग अ‍ॅक्शन बदलली, तर सगळं परत करावं लागेल.

आता अ‍ॅम्पकडे वळू. राउंडसाठी लावलेली सेटिंग तशीच ठेवून फ्लॅट वाजवल्या की आवाज चिखल होतो, आणि बदनाम होतात तारा. फ्लॅटमध्ये मूळ स्वर आधीच भरपूर असतो, म्हणून बेसचा नॉब आधी कमी करा. 200 ते 250 हर्ट्‌झच्या आसपास थोडं कापा आणि 700 ते 1000 हर्ट्‌झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल वाढवा. गिटारच्या गर्दीतून स्वर कुठला हे त्या पट्ट्यातच ओळखू येतं. ट्रेबल चढवून काही हाती लागत नाही, तिथे फ्लॅटकडे द्यायला फारसं काही नसतंच. पिकअप उचलून आवाज वाढवायचा मोह झाला तर मर्यादेत. चुंबक फार जवळ आले की तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटवर सूर लहरतो.

रेकॉर्डिंगच्या बाबतीत एक सावधगिरी. खालच्या ई चा मूळ स्वर 41.2 हर्ट्‌झ असतो. फोनच्या स्पीकरला तो वाजवताच येत नाही. फोनवर आपण बेस ‘ऐकतो’ तो वरच्या हार्मोनिकच्या जोरावर, आणि फ्लॅटमध्ये तेच कमी. म्हणून मिक्स फोनवर तपासाल तेव्हा बेस नाहीसा झालेला दिसेल. उपाय म्हणजे ट्रॅकवर हलकंसं ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाडणारा परिणाम). कानाला फाटल्यासारखं वाटणार नाही इतपतच. त्याने हार्मोनिक परत तयार होतात, चर्रचर्र मात्र परत येत नाही.

त्या दोन स्लॅप गाण्यांचं काय? अंगठ्याचा ठोका फ्लॅटवर छान बसतो, उलट जास्त भरीव लागतो. निघत नाही तो जी तारेचा तडकणारा पॉप. थोडंच स्लॅप असेल तर ते दोन बोटांनी किंवा पिकने बसवून बघा. गाणंच त्या तडाख्यावर उभं असेल तर मात्र दुसरा बेस हवा. हे नीट पारखा, कारण दोन गाण्यांची चार झाली आणि बेस एकच राहिला, तर आमचा सल्ला बदलतो. मग राउंडच ठेवा, सरावानंतर तारा पुसा, आणि हात सरकवताना बोटं तारेवरून पूर्ण उचलायची सवय लावा. चर्रचर्र निम्म्याहून अधिक तिथेच कमी होते. दर आठवड्याला तारांची अदलाबदल करत बसण्याचा विचार मात्र नको. फ्लॅटची टोकं पुन्हापुन्हा वाकवली की खुंटीजवळ तुटतात, आणि ट्रस रॉडचं काम दर वेळी नव्याने करावं लागतं.

मधला पर्याय म्हणून घासून किंवा दाबून अर्धवट सपाट केलेल्या हाफ राउंड मिळतात. चर्र कमी, चमकही कमी. वाईट नाहीत, पण ज्याला काय हवं ते ठाऊक आहे त्याने त्यात पडू नये. नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या टेपवाउंड तारा हाताला मऊ असतात. आत पोलादी गाभा असल्याने चुंबकी पिकअपवरही चालतात, मात्र ताणाच्या मानाने जाड असल्यामुळे नटच्या खाचा बघूनच घ्या.

तीन आठवडे थांबा म्हटलं ते यासाठी की नव्या फ्लॅटमध्ये थोडी धातूची चरचर असते. ज्याला धप् हवं असतं त्याला ती खुपते. वाजवत राहिलात की ती बसते, आणि त्यानंतर आवाज वर्षानुवर्षं जवळपास तसाच राहतो. राउंडसारखा दीड-दोन महिन्यांचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तार वरून आणि खालून पुसा. चिकट झालीच तर कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, फिंगरबोर्डवर आणि पॉलिशवर न सांडता. राउंड तारा उकळून काही दिवसांची चमक परत आणतात, तो प्रयोग फ्लॅटवर करू नका. खाचाच नाहीत तर सुटणार काय, आणि टोकाचा दोरा मात्र खराब होईल. फ्लॅट बदलायची वेळ ओळखायची ती चमकेवरून नाही, सुरावरून. सॅडल कितीही हलवलं तरी 12 व्या फ्रेटवर सूर जुळत नसेल, पट्टी कुठे उसवली असेल किंवा गंज हाताला लागत असेल तर बदला.

फ्रेटलेसच्या बाबतीत फ्लॅटची बाजू आणखी भक्कम होते. तिथे तार थेट लाकडावर दाबली जाते. राउंडच्या खाचा, त्यातही स्टेनलेस स्टीलच्या, कानसासारखं काम करतात, आणि रोजवुडचा फिंगरबोर्ड तुलनेने लवकर चरे पडून खराब होतो. एबनीचं लाकूड अधिक टिकतं. बेसवादक जाको पास्टोरियसने फ्रेटलेसवर राउंड वाजवल्या त्या फिंगरबोर्डवर बोटीला लावतात त्या एपॉक्सीचा कठीण थर चढवून. त्याच्यासारखी गुणगुणणारी लांब आस हवी असेल तर एपॉक्सीचा थर असलेला बेस शोधा आणि निकेलच्या राउंड लावा. उघडं रोजवुड असेल तर फ्लॅटच. आत्ताच्या बेसवर लावायचा संच वाजत्या लांबीचा हिशेब बघून घेतलात, आणि नवा फ्रेटलेसही 34 इंची निघाला, तर हाच संच पुढे त्यावर चढवता येईल. मात्र खुंट्यांचं अंतर सारखं असायला हवं, नाहीतर आधीच कापलेलं टोक आखूड पडेल.